ग्रंथालयातल्या मॅडमना, नावांचा गुंता सोडवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर संशोधन कुणाबरोबर करतात आणि त्यात स्त्री-पुरुष असा फरक दिसतो का, हे मोजणं वरकरणी सोपं. शोधनिबंध काढा, सहलेखक मोजा, झालं. आमच्या पहिल्या तक्त्याच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेत: "आधी नावं लावा." हे पत्र त्या तीन शब्दांसाठी.

सांगली-मिरजेकडे नावाचे तीन भाग, आणि लग्नानंतर बहुधा त्यातले दोन बदलतात. वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव सासरचं लागतं. समजा, एम. डी. करताना 'पाटील एस. आर.' असलेली सुनीता पुढे 'कुलकर्णी एस. व्ही.' होते. संगणकाच्या लेखी या दोन बाया. तिचे पंधरा सहलेखक असले तर आठ एकीच्या नावावर, सात दुसरीच्या. दोघीही 'कमी सहकार्य' करणाऱ्या ठरतात. पुरुषाच्या वाट्याला ही फाळणी येत नाही. उलट नुसतं 'पाटील एस.' धरलं तर आपल्या जिल्ह्यात अर्धं गाव त्यात मावेल! पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत लेखकांची पूर्ण नावं २००२ पासून यायला लागली. त्याआधीच्या लेखांसाठी छापील अंकाचं पहिलं पान उघडावंच लागतं. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख देणारा ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून आहे, पण माहेरच्या नावाचे लेख त्याला जोडलेच नाहीत तर त्याचा उपयोग निम्माच.

तुम्ही रकाने आखून दिलेत: स्वतःचं नाव, आधीचं आडनाव, विभाग, एम. डी.चं वर्ष. शंका आली तर अंदाज नाही, थेट त्या डॉक्टरांनाच विचारायचं. 'किरण' आणि 'शशी' यांच्यासाठी 'माहीत नाही' हा रकानाही तुमचाच. डॉक्टरांच्या यादीत सगळेच 'डॉ.', तिथे श्री-सौ.चा आधार कुठला?

सहलेखकांच्या जोड्यांचंही तसंच. सहा लेखकांच्या निबंधात १५ जोड्या होतात, शंभर लेखकांच्या बहुकेंद्री, म्हणजे अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचणीत ४,९५०. अशी एकच चाचणी सरासरी उधळून लावते, म्हणून मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा घ्यायचा आणि असे निबंध वेगळे ठेवायचे. 'बायका बायकांबरोबरच काम करतात' म्हणण्याआधी विभागात बायका किती, ते पाहायचं. बारा जणांत चार स्त्रिया असतील तर पुरुषाला उरलेल्या अकरांत चार मिळतात, म्हणजे ३६ टक्के. स्त्रीला तीनच, २७ टक्के. स्वतःला वजा करायला विसरलं की नसलेला कल दिसतो. शिवाय तुलना एकाच विभागात, सारख्याच सेवाकाळाची. अस्थिरोग आणि स्त्रीरोग एका तराजूत घातले की विभागांमधला फरक स्त्री-पुरुष फरक म्हणून खपतो.

एवढं करूनही जो फरक उरेल तो खरा मानायचा, आणि तो बऱ्याचदा लेखकांच्या क्रमात सापडतो. सहा नामांकित नियतकालिकांतल्या अमेरिकी डॉक्टर-लेखकांमध्ये १९७० साली पहिलं नाव स्त्रीचं असण्याचं प्रमाण ५.९ टक्के होतं, २००४ साली २९.३. शेवटच्या, म्हणजे ज्येष्ठ लेखकाच्या जागी मात्र ३.७ वरून १९.३ पर्यंतच मजल गेली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२च्या नियमांत बढतीसाठी निबंधाचे पहिले तीन लेखक किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक एवढेच धरले गेले. त्यामुळे चौथ्या नावावर राबलेली व्यक्ती सहकार्याच्या आकड्यात दिसते, बढतीच्या फायलीत नाही. सहलेखकांच्या संख्येशेजारी क्रमांकाचा रकाना हवाच, हा तुमचा हट्ट त्यासाठीच होता.

आता तुमच्याकडेच एक काम. निबंधाच्या आभारात तुमचं नाव छापायचं आहे आणि त्यासाठी लेखी संमती घ्यावी, असा वैद्यकीय नियतकालिकांचा संकेत आहे. चिठ्ठी पाठवावी, आणि तीत मधलं नाव व आडनाव कुठलं छापायचं, तेही स्पेलिंगसकट लिहावं.

आपले,
मोजणीला बसलेले आम्ही सगळे