आईच्या दुखण्याचा आकडा आईनंच सांगायचा

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आईच्या कॅन्सरच्या पुढच्या ओपीडीआधी हे पत्र हाती पडावं म्हणून घाईनं लिहितेय. फोनवर आपलं बोलणं जेवलात का, पाऊस आहे का, यातच संपतं. आणि आई, माझ्याशी बोलताना तू दुखण्याचा विषयच काढू देत नाहीस.

मागच्या वेळी डॉक्टरांनी आईला विचारलं, शून्य ते दहात दुखणं किती? बाबा, तुम्ही लगेच "चार" म्हणालात. आई खाली बघत होती. घरी आल्यावर जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, तिनं कठडा धरला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. तो चारचा नव्हता. तुम्ही तिला सावरायला बोललात, हे मला कळतं. पण बीपीला यंत्र आहे, तापाला थर्मामीटर आहे. वेदना, मळमळ, थकवा यांचा ठाव ज्याला होतंय त्याच्या सांगण्यातूनच लागतो. डॉक्टर-नर्सचा अंदाज पुष्कळदा रुग्णाच्या सांगण्यापेक्षा कमी पडतो आणि घरच्यांचाही चुकतो. त्यामुळे यापुढे आकडा आईनंच सांगायचा. तुम्ही तो लिहायचा.

ओपीडीतल्या नर्सनं त्रासाचे आकडे भरायला दिलेला तो कागद सांभाळून ठेवलाय ना? तशी पद्धत कॅनडातल्या एडमंटन शहरात एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये काढली. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक न लागणं, धाप, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय, अशा नऊ गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा. दोन मिनिटांचं काम. रोज सगळं भरायला कंटाळा येत असेल तर निदान वेदनेचा आकडा सकाळ-संध्याकाळ घ्या. बाबा, तुम्ही गॅस सिलिंडरची तारीख कालनिर्णयवर लिहिता, तिथेच त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. बसल्या जागी किती आणि चालताना किती, हे मात्र वेगवेगळं हवं. हाडाचं दुखणं बसल्यावर दोन आणि जिन्यात आठ असू शकतं. डॉक्टरांपुढे आई खुर्चीत बसलेली असते, त्यामुळे त्यांना फक्त दोनच दिसतात.

आता मॉर्फिन, दुखण्यावरचं ते जोरदार औषध. आई, गोळी "सहन होईना की मग घेऊ" म्हणून तू मागे ठेवतेस, हे मला मावशीकडून कळलं. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं. म्हणूनच ती घड्याळाप्रमाणे घ्यायची असते, दुखायची वाट न बघता. मधेच कळ आली तर घ्यायला जादा गोळी दिलेली आहे, ती कितीदा लागली तेही चौकटीत लिहा, कारण रोजचा डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. सवय लागेल ही भीती काढून टाक; दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार क्वचित घडतं. आणि मॉर्फिन म्हणजे शेवट आला असंही नाही. दुखणं आटोक्यात असेल तर माणूस त्यावर वर्षानुवर्षं घरात वावरू शकतो. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनच्या जोडीला रोज चालूच ठेवायचं. पोट किती दिवसांनी साफ झालं हे सांगायला आई लाजते. बाबा, ते तुम्ही विचारा. मनानं गोळी एकदम बंद मात्र करू नका.

बाबा, तुम्ही बँकेतले, तुम्हाला आकडे लागतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. एका गटानं आपला त्रास संगणकावरून नियमित कळवला. काही बिघडलं की नर्सला लगेच सूचना जाई. दुसऱ्या गटाला नेहमीसारखेच उपचार. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : नेहमीच्या गटातले निम्मे रुग्ण २६ महिन्यांहून जास्त जगले, तर कळवणाऱ्या गटातले निम्मे ३१ महिन्यांहून जास्त. त्रास वेळेवर कानावर गेला, त्याचा हा फरक. आई, तुझं दुखणं सांगणं म्हणजे कुरकुर नाही, तो तुझ्या उपचाराचाच भाग आहे.

थकव्याचं थोडक्यात : रक्त कमी असणं, झोप न होणं, दुखणं, यातल्या कशानंही तो वाढतो, म्हणून तोही सांगा. नुसतं पडून राहिल्यानं तो जात नाही. डॉक्टर हो म्हणाले तर रोज थोडं चालणं बरं.

उदासी आणि काळजी हे दोन रकाने आईनं कोरे ठेवलेत. ते पाहून मला फार लागलं. आई, तू रात्री तीनला जागी असतेस, देवघरातला दिवा लावून बसतेस, हे बाबांनी सांगितलं. मनाच्या या त्रासावरही उपचार आहेत, समुपदेशन आहे, औषधं आहेत. भरायला लाज वाटत असेल तर माझ्याशी बोल, मी तुझ्या शब्दांत लिहीन. आणि बाबा, एक ओळ तुमच्या स्वतःच्या झोपेचीही लिहा. ओपीडीत ती कुणी विचारणार नाही, पण मला हवीय.

काही गोष्टींना चौकटीत लिहून थांबायचं नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, पाठीत अचानक वेगळी कळ आली, पाय लुळे वाटले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच वेळी हॉस्पिटलला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

डॉक्टर विचारतील, किती कमी व्हायला हवं? शून्य सांगायची गरज नाही. आई, तू सांग, तलावपाळीपर्यंत चालत जाऊन बाकावर बसता आलं पाहिजे, कौपिनेश्वराचं दर्शन घेता आलं पाहिजे. हाडाच्या दुखण्यासाठी काय करता येईल, एकाच बैठकीत संपणारं रेडिएशन चालेल का, हेही विचारा.

शनिवारी सकाळी मी ठाण्याला पोचते. कालनिर्णयचं पान फाडू नका, मला सगळे आकडे बघायचेत.

तुमची,
लेक