फोनवर सांगितलं नाही ते

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गेल्या गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "दुपारी एक बारकं विमान घरावरून दोनदा फिरून गेलं. तू नव्हतीस ना गो?" मी नाही म्हटलं. रत्नागिरीत मुक्काम का पडला, असं बाबांनी विचारलं, तेव्हा विमानात किरकोळ बिघाड झाला म्हणून सांगितलं. दोन्ही खोटं. विमान ठणठणीत होतं. तेव्हापासून घास नीट उतरत नाही, म्हणून हे लिहिते. फोनवर बोलायला गेले असते तर तुला रडू आलं असतं आणि निम्मं सांगायचं राहून गेलं असतं.

त्या दिवशी माझी सोलो क्रॉस-कंट्री होती, म्हणजे शिकताना एकटीनं करायची लांबची फेरी. शेजारी सर नाहीत, नकाशा माझा, निर्णयही माझा. कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडून कुंभार्ली घाट, चिपळूण, वाशिष्ठीच्या कडेकडेनं दाभोळ, तिथून हर्णै आणि त्याच वाटेनं परत घाटावर. निघायचं होतं नऊला, निघेपर्यंत पावणेबारा झाले. परतीच्या पावसाचे दिवस. दुपारी खारा वारा सुटला की ती दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि बघता बघता डोंगरावर ढगांचे मनोरे उभे राहतात. सकाळच्या अंदाजात दुपारनंतर गडगडाट लिहिलेला होता. "ढग दिसला की माघारी," असं सरांनी दोनदा बजावलं होतं.

जाताना सगळं स्वच्छ होतं. सुवर्णदुर्ग पाण्यात ठेवलेल्या पाटासारखा दिसत होता. बंदरातल्या होड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या. आपलं कौलारू घर सापडलं आणि मला राहवलं नाही. दोन हजार फुटांवर उतरून दोन घिरट्या घातल्या. त्यात दहा-बारा मिनिटं गेली.

परत चिपळूणवर आले तेव्हा घाट दिसतच नव्हता. समोर पांढरी भिंत, तळाशी काळी. खालून एक फट मोकळी होती, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. आम्हाला ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट लांब राहावं लागतं. मला नियम तोंडपाठ आहे. तरी मी साडेपाच हजारांवरून चार हजारांवर आले आणि त्या फटीकडे निघाले. डोक्यात एकच होतं: बाबांनी होडीतला हिस्सा विकून भरलेले पैसे ताशी जळतायत. आज फेरी पुरी झाली नाही तर ती पुन्हा करावी लागणार, पुन्हा तेवढेच पैसे.

मग फट मिटली. खिडकीबाहेर, समोर, खाली सगळं दुधासारखं. डाव्या-उजव्या हाताला तीन हजार फुटांवरचे डोंगर आहेत हे माहीत होतं, पण कुठे ते कळेना. मला वाटत होतं विमान सरळ चाललंय. आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, दाखवत होता, उजवा पंख खाली गेलाय. बाबा, शरीर शपथेवर खोटं सांगत होतं. बाहेरचं काही दिसेनासं झालं की कानाच्या आतला तोल असा फसवतो. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर याचा प्रयोग केला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या त्या वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. वर्गात हा आकडा मी वहीत लाल शाईनं लिहून घेतला होता.

मी खिडकीकडे बघणं सोडलं. पंख सरळ केला आणि मग ठरल्या मापानं वळण घेतलं. त्या मापात विमान सेकंदाला तीन अंश फिरतं, पूर्ण माघारी फिरायला एक मिनिट लागतं. घड्याळाचा सेकंदकाटा, होरायझन, उंची, पुन्हा काटा. कानशिलावरून घाम हेडफोनच्या गादीत उतरत होता. चाळिसाव्या सेकंदाला एक जोरात आचका बसला आणि मांडीवरचा नकाशा खाली पडला. मी तो उचलला नाही. वळण संपलं आणि थोड्याच वेळात वाशिष्ठी दिसली, तपकिरी, वळणावळणाची. इतकी सुंदर नदी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

घाट सोडून दिला. टाकीत अडीच तासांचं इंधन होतं. रेडिओवर कळवलं आणि किनारा धरून दक्षिणेला रत्नागिरी गाठली. उतरल्यावर पाय इतके लटपटत होते की पाच मिनिटं आतच बसून राहिले.

बाबा, त्या रात्री मला तुमचा एक दिवस आठवत राहिला. मी तिसरीत असेन. वायव्येला काळं दिसलं म्हणून तुम्ही अर्धं जाळं टाकलेलं ओढून घेतलंत आणि रिकामी होडी बंदरात आणलीत. वादळ आलंच नाही. संध्याकाळी बाकीच्या होड्या सुरमईनं भरून आल्या, लिलावात आईच्या टोपलीत काही नव्हतं. लोक बोलले. तुम्ही खळ्यात जाळं शिवत बसला होतात, चेहऱ्यावर काही नाही. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज तुमची माफी मागते. तुम्ही काळं बघून फिरलात, मी आत शिरून मग फिरले.

सरांना सगळं सांगितलं, फट आणि घिरट्यांसकट. ते ओरडले नाहीत. पुढच्या सोलोआधी त्यांच्यासोबत दहा तास, त्यातले बरेच नुसते उपकरणांवर, असं ठरलंय. खर्च वाढेल. लायसन्सच्या २०० तासांतले ७१ झालेत, ३०० सागरी मैलांची मोठी सोलो अजून बाकी आहे. पैशांचं मी दिवाळीला घरी येऊन बोलते, तोवर काही विकायला काढू नका.

आई, गुडघ्याचं औषध संपलं असेल तर शेजारच्या दादाकडून दापोलीहून मागव. आणि एक सांग. पहिल्या घिरटीला खळ्यात, भात वाळत होतं तिथे, एक लाल ठिपका हलला आणि थांबला. ती तूच होतीस ना?

तुमची,
मनू