कान्याची कळ

पुणे, रविवार, रात्रीचे अडीच

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या फोटोंना अंगठा दाखवत राहिलो, तेवढंच. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच, नसतील तर आधी उरकून घे. प्रकृती ठीक. शुगर काठावर, पाठ आहे तशीच. अक्षर लावून घे, कारण कीबोर्ड टेबलावर पोट फाडून पडलाय आणि हे पेनने लिहितोय.

पत्रास कारण त्या कीबोर्डचंच. मघाशी एकच बटण मी किती वेळा दाबलं असेल देव जाणे, कान जवळजवळ त्याच्यावर टेकवून. पाणी प्यायला उठलेली रेवा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, विनूकाका तंबोरा लावतात तसं करताय." आणि निघून गेली. मग मला झोप येईना.

सुरुवात दिवाळीत झाली. बोटं दुखायला लागली म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, ८७ बटणांचा. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच. वर झाकण, खाली घर, मधे दांडी, एक स्प्रिंग आणि कडेला धातूची पातळ पत्ती. दांडी ४ मिलिमीटर खाली जाते, पण निम्म्या वाटेवरच अक्षर उमटतं. ऐंशीच्या दशकात चेरी नावाच्या जर्मन कंपनीने ही जात काढली, पेटंट संपल्यावर चिनी कारखान्यांनी तिचे शेकडो भाऊबंद काढले. त्यातले तपकिरी दांडीचे मी घेतले. लालमध्ये बोट सरळ खाली जातं, निळा कटकट वाजतो (मेधा घरात ठेवणार नाही, मला की त्याला ते विचारू नकोस), आणि तपकिरीत वाटेत एक बारीकसा उंचवटा लागतो. दांडीचे दोन पाय पत्तीला घासून जातात, त्याचा तो. टायपिंग क्लासमध्ये सर पाठमोरे बसून "सात नंबर, चुकलास" म्हणायचे ना, तसं बोटाला आपलं आपण कळतं.

पण आवाज? विन्या, खरखर. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. दाबताना वाळूतून चप्पल ओढल्यासारखं, सोडताना स्प्रिंगची किणकिण. वापरून वापरून गुळगुळीत होईल म्हणे. मला धीर कुठला!

मग आणलं वंगण. २०५ ग्रेड शून्य. पांढरं, दाट, साईसारखं, डबी एवढीशी. किंमत मेधाला सांगितली ती खोटी आहे, तू तिच्यापुढे विषय काढू नकोस. चित्रकलेचा शून्य-शून्य नंबरचा ब्रश, झाकण उघडायचा चिमटा, दांडी धरायला चार नखांचा पकडा. रोज रात्री जेवणानंतर बारा स्विच. खालच्या घरातल्या दोन पट्ट्यांवर एक हात, दांडीच्या दोन्ही बाजूंना एक हात. तोही असा पातळ की दिसता कामा नये, नुसता चमकला पाहिजे. स्प्रिंगांना वेगळं पातळ तेल. सगळ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या, चार थेंब टाकायचे, फुगवून खुळखुळवायच्या. आईला वाटलं चुरमुरे.

पहिल्या तीस स्विचांत मी शहाणपणा केला. दांडीच्या पायांनाही वंगण फासलं. तिथे लावायचं नसतं रे! पाय बुळबुळीत झाले की उंचवटा गेला. आवाज गोड, पण बोटाला काही लागेचना, भिजलेल्या पोह्यांत बोट घातल्यासारखं. तीसही उघडले, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतले, वाळवले, पुन्हा भरले. त्यात दोन पत्त्या वाकवल्या.

स्पेसबारची कथा वेगळी. लांब बटण तिरकं होऊ नये म्हणून त्याच्याखाली एक तार असते, ती टाळ कुटते. तिच्या टोकांना घट्ट ग्रीस भरलं, आणि ती जिथे आपटते तिथे केमिस्टकडची जखमेची पट्टी कापून चिकटवली. हसू नकोस, जगभर हेच करतात. सर्किट बोर्डाच्या पाठीला कागदी चिकटपट्टीचे तीन थर दिले. त्याने वरचा कर्कश सूर मरतो आणि खालचा भरीव आवाज पुढे येतो. याला तिकडचे लोक "थॉक" म्हणतात. आपल्याकडे एवढे शब्द असताना! खणखणीत, बद्द, भरीव, पोकळ, फुटका. मी त्यांना म्हणणार होतो, आमच्या विन्याला विचारा.

तर आता ८६ बटणं एका सुरात आहेत. एक नाही. कुठलं, सांग? काना. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरी टायपिंगच्या मांडणीत, काना इंग्रजी ई-च्या जागी येतो, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. मराठीत त्याच्याइतकं राबणारं दुसरं बटण दाखव मला. म्हणून सगळ्यांत चांगला स्विच निवडून मी तिथे बसवला, आणि नेमका तोच किणकिणतो. दाबताना नाही, सोडताना. काना कानाला लागतो. हा विनोद मी घरात तीनदा केला, कोणी हसलं नाही.

स्विच काढून कोपऱ्यात टाकला, कोपऱ्यातला इथे आणला. किणकिण जागेवरच. वरची टोपी बदलली. जागेवरच. म्हणजे दोष स्विचचा नाही, स्विच ज्यात बसतात त्या पत्र्याचा किंवा खोक्याचा. खोक्याचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिकटपट्टीचे तुकडे लावून झाले. थोडं कमी झालं, की मला तसं वाटलं? मेधा म्हणते तिला काहीच ऐकू येत नाही. रेवालाही नाही. कदाचित नसेलच.

आणि भाषांतर? पान चाळीसवर दिवाळीपासून. प्रकाशकाचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रोज बसतो आणि काय टाइप करतो माहीत आहे? काका मामा बाबा नाना. काका मामा बाबा नाना. सरांच्या क्लासचा पहिला धडा, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

पम्याच्या गच्चीवर मी काय बोललो होतो ते तू विसरला नसशील. मीही नाही. तू पाऊण तास तंबोऱ्याच्या तारांखालचं जवारीचं सूत केसभर पुढे, केसभर मागे करत होतास आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझा तंबोरा लागेपर्यंत उजाडेल, गाणार कधी?" लोक हसले. तू गवसणी चढवलीस आणि खाली उतरलास. पुढे दोन वर्षं आपण बोललो नाही. मी सगळ्यांना सांगत फिरलो की विन्याला साधा विनोद कळत नाही. त्या रात्री पंचमात तुला काहीतरी ऐकू येत होतं ना? मला आलं नव्हतं. मला वाटलं होतं नाहीच आहे.

(तरी पाऊण तास जास्तच होता. हे मी मागे घेत नाही.)

काकूंचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं असेल तर मला न कळवल्याबद्दल भांडायचा हक्क मला नाही, पण भांडेन. मिनूला कुठे मिळाली ॲडमिशन? दुकानाच्या भाड्याचं मिटलं का? सविस्तर लिही, मी इथे भलत्याच गोष्टीत पान घालवलं.

तुला आवाज फोनवरून पाठवणार होतो. चार वेळा रेकॉर्ड केला. फोनचा माइक नेमकी तीच किणकिण खातो, बाकी सगळं देतो. तेव्हा तूच ये. मिरजेहून सकाळची गाडी पकडलीस तर जेवायला पोचशील. मेधा थालीपीठ करेल. मी काही सांगणार नाही, कुठलं बटण ते दाखवणारही नाही. तू डोळे मिट, मी सगळी एकेक वाजवतो.

आणि येताना थोडं सूत आण, जवारीचं. पत्रा आणि खोक्याच्या मधे घालून बघायचंय.

तुझा,
अव्या