काहिलीखालचा जाळ

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, डॉक्टरांच्या बोलण्यात 'ग्रोथ फॅक्टर' हा शब्द आला, तेव्हा ते वाढवायला एखादे टॉनिक मिळते का, असे तुम्ही फोनवर विचारलेत. मी हसले, ते चुकले. वाढ म्हटली की ती चांगलीच, असे आपल्या घरात कोणालाही वाटेल. पण आईच्या आजारात, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये, हे वाढीचे घटक कमी पडलेले नाहीत, ते थांबायचे विसरले आहेत.

बोट कापले की पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपाने निरोप धाडतात; तेच हे ग्रोथ फॅक्टर. त्यांतला सर्वांत जोरकस टीजीएफ-बीटा. तो मिळताच फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात, त्यांतल्या काही रूप पालटून जखमेच्या कडा आवळून धरतात आणि जखम भरली की नाहीशा होतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळात रसाचा नेमका पाक झाला की गुळव्या खूण करतो, जाळ ओढला जातो आणि काहील उतरते. आईच्या आजारात ही खूण कोणी करतच नाही. चुलवाणात चिपाडे पडतच राहतात. सीटीजीएफ आणि पीडीजीएफ हे आणखी दोन ग्रोथ फॅक्टरही त्यात भर घालतात. शिवाय घट्ट झालेल्या ऊतीच्या ताणानेच तिथे साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो, म्हणजे कडकपणाच नव्या कडकपणाला जन्म देतो.

आई, धुणे धुताना तुझी बोटे पांढरी, मग निळी पडत, तेव्हा बारीक रक्तवाहिन्या आकसत होत्या. आजाराची ती खूण आपण सगळ्यांनीच थंडी समजून सोडून दिली. गार पाण्याने हा आजार झालेला नाही, त्यामुळे स्वतःला बोल लावू नकोस.

मग टीजीएफ-बीटाच का अडवत नाहीत? त्याला रोखणाऱ्या एका प्रतिपिंडाची चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, पण गुण दिसला नाही. आणि जखम भरायला व रोगप्रतिकारशक्तीला आवर घालायला तोच लागतो, त्यामुळे त्याला सरसकट बंद करणेही धोक्याचे. निंटेडॅनिब हे औषध पीडीजीएफसारख्या काही घटकांचे निरोप पेशीच्या दारातच अडवते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 576 रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीत फुप्फुसांची क्षमता ते न घेणाऱ्यांत वर्षाला सुमारे 93 मिलिलिटरने, तर घेणाऱ्यांत 52 मिलिलिटरने घटली. घट मंदावली, थांबली नाही. त्वचेला तर फरक पडलाच नाही, आणि जुलाबाचा त्रास पुष्कळांना झाला. तुझी सध्याची मायकोफेनोलेटची गोळी वेगळ्या वाटेने, रोगप्रतिकारशक्तीला शांत करून काम करते, म्हणून ती मनाने बंद करू नये.

खरे तर एवढे सगळे लिहिले ते एका गोष्टीसाठी. हात जरा मऊ वाटतात म्हणून तू श्वासाची तपासणी पुढे ढकललीस, असे बाबा म्हणाले. त्वचा मऊ होत असतानाही फुप्फुसात तंतू वाढत राहू शकतात आणि ते हाताला कळत नाहीत. शेजारच्या काकूंनी सुचवलेली स्टेरॉइडची गोळीही घेऊ नकोस. या आजारात तिच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडावर अचानक संकट येण्याचा धोका वाढतो आणि त्याची पहिली खूण बहुधा एकाएकी चढलेला रक्तदाब ही असते.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघते. रक्तदाबाचे यंत्र सोबत आणते आहे; बाबा, ते कसे लावायचे ते तुम्ही शिकून घ्या. तपासणीची वेळ शनिवारची मागून ठेवा.

तुमची,
धाकटी