बाळाच्या कानांची तपासणी कायद्यात हवी

किसननगर, ठाणे

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या आरोग्यसेवेवर आमदारांनी मांडायच्या अशासकीय विधेयकाचा मसुदा करायला घेतल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा बालवाडी सुटायची वेळ होती, म्हणून धड बोलता आलं नाही. बालवाडीतल्या बाईचं म्हणणं तुला हवंय, तर हे घे सविस्तर.

माझं मागणं एकच आहे. राज्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान घरी जायच्या आधी तपासलेच पाहिजेत, मग बाळंतपण सरकारी रुग्णालयात होवो नाहीतर गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये. आणि तपासणी झाली नाही तर कोणाला विचारायचं, हे कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

यंदा जूनमध्ये आमच्याकडे एक मुलगा आला, साडेचार वर्षांचा. गोरा, हसरा, सगळ्यांच्या डब्यात डोकावणारा. हाक मारली की बघायचा नाही, पण दार आपटलं की वळायचा, त्यामुळे घरच्यांना वाटे याला ऐकू येतं. "याचे पप्पापण उशिराच बोललेत, टीचर," असं आई मला दोन-तीनदा म्हणाली. आजीनं नवस बोललेला. जिथे जन्म झाला त्या नर्सिंग होममध्ये कानांचा विषयच निघाला नव्हता. पुढे दाखवलं त्या डॉक्टरांनी "बोलेल हळूहळू" सांगून घरी पाठवलं. वडील वागळे इस्टेटमध्ये हेल्पर, आई धुणीभांडी करते. सुट्टी टाकून त्यांनी अखेर बेरा टेस्ट, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करून घेतली. दोन्ही कानांनी जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

रिपोर्ट हातात घेऊन ती बाई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी याला इतकी अंगाईगीतं म्हटलीत." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

सुलभा, हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. बाळ झोपलेलं असताना कानात बारीकशी नळी ठेवतात, आवाज सोडतात आणि आतल्या कानातून उलट प्रतिसाद येतो का ते यंत्र टिपतं. काही मिनिटांचं काम, सुई नाही, दुखणं नाही. हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना ऐकण्याचा गंभीर दोष असतो. या क्षेत्रातले लोक 1-3-6 असा हिशेब सांगतात: महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार सुरू. मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत, त्या काळात आवाज पोचलाच नाही तर पुढे शस्त्रक्रिया करूनही बोलणं फार कष्टानं येतं. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी, दिव्यांगांना साधनं पुरवणारी केंद्राची एडिप योजना आहे, त्यासाठी वयोमर्यादा पाच वर्षं. आमच्या मुलाला आता सहा महिनेही उरलेले नाहीत आणि त्याचे वडील उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेपा घालताहेत.

तू म्हणशील, योजना तर आहेत. आहेतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि मुलं तपासतं, ती माणसं मनापासून काम करतात. पण हा मुलगा अंगणवाडीत कधी गेलाच नाही. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलायची, मधे वर्षभर गावी, जालन्याकडे. खाजगीत जन्मलेलं आणि अंगणवाडीच्या पटावर नसलेलं मूल या जाळ्यातून सरळ खाली पडतं. किसननगर, लोकमान्यनगर, तिकडे नवी मुंबईत दिघा, तुर्भे, सगळीकडे अशी मुलं आहेत.

आणि कायदा? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 25 बघ. सगळ्या मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातली मुलं शोधावीत, असं शासन आणि स्थानिक संस्थांना त्यात सांगितलंय. पण पालिकेत नेमकं कोणी, हे त्यात नाही. मग महानगरपालिका अधिनियम 1949 बघ, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्याखालीच चालतात. सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने कलम 63 मध्ये, म्हणजे पालिकेनं करायलाच हवीत अशा कामांत. माता आणि अर्भकांची कल्याणकेंद्रं, मूकबधिर आणि अपंग मुलांची देखभाल मात्र कलम 66 मध्ये, पालिकेच्या मर्जीवरच्या कामांत, जलतरण तलावांच्या पंगतीला. हे वाचून माझा संताप झाला. तुझ्या मसुद्यात पहिली दुरुस्ती हीच असावी: शून्य ते सहा वयाच्या मुलांची तपासणी आणि पुढचा पाठपुरावा कलम 63 मध्ये आण.

दुसरं, नर्सिंग होमना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली परवाना लागतोच. परवान्याच्या नूतनीकरणाला कानांच्या तपासणीची अट जोडता येईल. लहान नर्सिंग होमवाले यंत्राच्या खर्चाचं कारण सांगतील आणि ते अगदीच खोटं नाही. तेव्हा प्रभागाला एक यंत्र आणि शिकवलेली एक सिस्टर पालिकेनं द्यावी, ती फिरती राहील. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ऑडिओलॉजिस्ट तिथे घडतात. माणसं मिळणारच नाहीत असं नाही.

अंमलबजावणी होत नाही, मग कायदा कशाला, असं तू मागे म्हणाली होतीस. जन्मनोंदणीकडे बघ ना. 21 दिवसांत नोंद करायची हे आज झोपडपट्टीतल्या बाईलाही माहीत असतं, कारण दाखल्याशिवाय पुढे अडतं आणि नोंद न करणाऱ्या रुग्णालयाला जाब विचारला जातो. पालिकेला प्रत्येक बाळ तीन आठवड्यांत कळतं! त्याच नोंदीला कानांच्या तपासणीचा रकाना जोडला तर कोणतं बाळ राहिलं ते वॉर्डात बसून दिसेल. मात्र राहिलं म्हणून दाखला अडवू नये, हे स्पष्ट लिही, नाहीतर पुन्हा गरिबालाच फेऱ्या. जबाबदारी पालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याची. अमेरिकेत हवाईनं 1990 सालीच असा कायदा केला आणि मग इतर राज्यं त्या मागे गेली. त्याआधी तिथेही बहिरेपण कळायला अडीच-तीन वर्षं लागायची.

हृदयाचे दोष, वाकडे पाय, डोळे, हे सगळंही मसुद्यात येईलच, त्यावर डॉक्टरांशी बोल. माझा हट्ट कानांपुरता आहे, कारण बहिरं बाळ बाकीच्या बाळांसारखंच दिसतं आणि घरच्यांना शंकाच येत नाही.

हिवाळी अधिवेशनाच्या आधी आमदारांची भेट ठरली तर मला कळव, मी रजा टाकून नागपूरला येते. त्या मुलाची आईही येईन म्हणालीय, बोलायची तिची तयारी आहे. तिचं नाव कुठे छापून येणार नाही एवढं आधी पक्कं कर. आणि एडिपच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला लवकर मिळवायचा काही मार्ग तुझ्या माहितीत असेल तर उत्तराची वाट न बघता फोनच कर.

तुझी,
वैशाली