उत्तर कशाचे, ते आधी कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातील अनेक सोसायट्यांचा रोजचा कारभार आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतो. मात्र तेथे उत्तर कसे लिहावे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पाणी बंद असलेल्या एका गुरुवारच्या आदल्या दिवशी आमच्या सचिवांनी 'उद्या टँकर सांगायचा का?' असे विचारले आणि त्यापाठोपाठ एका सभासदाने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे कोटेशन टाकून 'मंजूर का?' अशी पृच्छा केली. खाली 'हो', 'चालेल', 'नको, महाग आहे' आणि अंगठ्यांची रांग लागली. यातला कोणता होकार टँकरला व कोणता गच्चीला, याचा उलगडा करण्यात सचिवांची संध्याकाळ गेली आणि टँकर सांगायचा राहिला तो राहिलाच.

वास्तविक ज्या संदेशाला उत्तर द्यायचे, तो बोटाने उजवीकडे सरकवला की मूळ मजकूर आपल्या उत्तराच्या वर आपोआप येतो. मूळ संदेश लांबलचक असेल, तर मात्र तेवढ्याने भागत नाही. कारण वर दिसतात त्या पहिल्या काही ओळी आणि आपला आक्षेप असतो चौथ्या मुद्द्याला. अशा वेळी नेमके तेच वाक्य उचलून, ओळीच्या आरंभी '>' हे चिन्ह देऊन व एक जागा सोडून उतरवावे आणि त्याखाली आपले म्हणणे मांडावे. यात नवे काही नाही. इंटरनेटवरील शिष्टाचारासंबंधी १९९५ मध्ये निघालेल्या 'आरएफसी १८५५' या टिपणातही मूळ मजकुराचा संदर्भापुरता भाग ठेवून उत्तर द्यावे, अशीच सूचना आहे. सरकारी पत्रांना आपण एरवी कितीही नावे ठेवत असलो, तरी 'विषय' आणि 'संदर्भ' या दोन ओळी तेथे सहसा चुकत नाहीत.

रक्कम किंवा तारीख ठळक दिसावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना तारका देणे सोयीचे असते. अख्खा संदेशच ठळक करणाऱ्यांना मात्र हात जोडावेसे वाटतात.

विचारणाऱ्यांनीही थोडी काळजी घ्यावी. नुसते हो किंवा नाही हवे असेल, तर २०२२ पासून उपलब्ध असलेली पोलची सोय वापरावी, आणि सविस्तर मते हवी असतील, तर प्रश्नांना क्रमांक द्यावेत, म्हणजे '२ : हो, पण आणखी दोन कोटेशने मागवावीत' असे उत्तर देता येईल.

आपला,
एक सभासद, कोथरूड, पुणे