दिगू, जुनापाणीला एकदा जाऊन ये

ग्लासगो
२२ जून २०२५

प्रिय दिगू,

तुझा मेसेज पोचला. "स्कॉटलंडचे किल्ले पाहतोयस की नुसता नातू सांभाळतोयस?" दोन्ही करतोय बे. नातू सध्या झोपलाय, म्हणून लिहायला बसलो. मोबाईलवर एवढं टाइप करायला माझी बोटं चालत नाहीत. कागदावर लिहितो, पोरगी त्याचा फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर वहिनींना वाचायला दे, त्यांनी आयुष्यभर पेपर तपासलेत.

एडिनबरोचा किल्ला झाला पाहून. रांग बघून शेगाव आठवलं. त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते किलमार्टिनबद्दल. नाव तू ऐकलेलं नसणार, मीही ऐकलं नव्हतं. अर्गाइल म्हणून पश्चिम किनाऱ्याचा भाग आहे, तिथली ही दरी. गाव म्हणजे एक चर्च, एक म्युझियम, एक हॉटेल आणि थोडी घरं. आणि या एवढ्याशा गावाभोवती दहा किलोमीटरच्या आत आठशेहून जास्त प्राचीन अवशेष! त्यातले दीडशे इतिहासपूर्व काळातले. जावयाने हा आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, शून्य जास्त झालं असेल. नव्हतं झालं.

गेल्या शनिवारी त्याच्या गाडीने निघालो. ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने रस्ता जातो, मग एक घाट लागतो. नाव काय, तर 'रेस्ट अँड बी थँकफुल'. अठराव्या शतकात हा रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी माथ्यावर दगड रोवून त्यावर हे कोरलं होतं, दमलेल्या माणसाने बसावं आणि आभार मानावेत म्हणून. आता तिथे दरडी कोसळतात. आपल्याकडे पावसाळ्यात जे होतं तेच, फक्त इथे पावसाळा बाराही महिने.

दरीत पोचलो की आधी मेंढ्या दिसतात. मग मेंढ्यांच्या मधोमध दगडांच्या मोठाल्या राशी. एकामागे एक, एका ओळीत पाच, गावापासून दक्षिणेकडे. या थडग्यांच्या राशी आहेत. सगळ्यात जुनी 'नेदर लार्गी साउथ', पाच हजार वर्षांहून जुनी. तिच्यात माणूस वाकून आत शिरू शकतो. मी शिरलो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच एवढा वाकलो असेन. आत लांबट कोठडी, चुन्याचा ठिपूस नसलेल्या दगडी भिंती, वर अजस्र फाड्या, खाली आडव्या शिळा उभ्या करून पाडलेले कप्पे. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आत एक थेंब नाही. आमच्या कॉलनीतल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्या पाच वर्षांत तीनदा झालंय, ते आठवून मी तिथे एकटाच हसलो. थडग्यात सासरे का हसतायत म्हणून जावई घाबरून आत डोकावला.

तिकीट नाही, फाटकाला कुलूप नाही, वॉचमन नाही. शेतातून जायचं, फाटक आपल्यामागे लावून घ्यायचं, बस. उभ्या दगडांना मेंढ्या अंग घासतात. काही दगड माझ्या दीडपट उंच आणि इतके सपाट की दारं उभी करून ठेवल्यासारखे. जवळच 'टेंपल वुड' नावाचं शिळावर्तुळ आहे. भोवतीची झाडं एकोणिसाव्या शतकात लावलेली, नावही तेव्हाचंच. कुणाला तरी तिथे देऊळ दिसलं म्हणे. मला आपलं नागपूरजवळचं जुनापाणीच दिसलं, तिथली शिळावर्तुळं.

आता खरी गोष्ट ऐक.

तिथून काही मैलांवर अखनाब्रेक म्हणून जागा आहे. जंगलातून चढत जायचं, मग एकदम मोकळा उतार आणि त्यावर उघडा कातळ. आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि ऊन होतं. जूनमध्ये इथे दहापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणून मला जेवणाची वेळच कळत नाही. तर ते ऊन कातळावर अगदी आडवं पडलेलं. दिवसभराच्या पावसाने कातळ ओला. आणि त्यावर खळगे, दिगू. वाटीएवढे, काही चहाच्या बशीएवढे. एकेका खळग्याभोवती कोरलेली वर्तुळं, एकात एक, पाच-सहा. एक तर जवळजवळ मीटरभर रुंद. प्रत्येक खळग्यात पावसाचं पाणी आणि पाण्यात आभाळाचा तुकडा. हे काम गारगोटीने ठोकून ठोकून केलेलं, कारण तेव्हा धातू नव्हता. कशासाठी, ते कुणालाच माहीत नाही. म्युझियमवाल्यांनी ते सरळ सांगून टाकलं, मला आवडलं.

मी कठड्याला टेकून बघत होतो आणि मला तू दिसलास. १९७८ चा तू. काटोल रोडने तुझ्या लुनावर डबलसीट, चढ आला की मी उतरून धक्का मारायचा. जुनापाणीच्या त्या वर्तुळांतल्या मोठ्या दगडावर बसून आपण चिवडा खाल्ला होता. दगडावर ओळीने खळगे होते आणि तू म्हणाला होतास, "कोणीतरी कंचे खेळायला केलेत." त्यातल्या एका खळग्यात तू दाणे वेगळे काढून ठेवत होतास, कारण तुला चिवड्यातले दाणे शेवटी खायचे असायचे. आठवतं? आपण बसलो होतो ते थडग्याच्या कडेच्या दगडावर. तशी वर्तुळं तिथे तीनशेच्या आसपास आहेत, आणि आपल्याला काही म्हणता काही माहीत नव्हतं.

हॉटेलवर आलो आणि जावयाच्या लॅपटॉपवर शोधत बसलो. तर काय निघालं! एकोणिसाव्या शतकात जुनापाणीची वर्तुळं उकरली ती हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाच्या साहेबाने. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. नोकरी कापसाची, नाद दगडांचा. १८६७ साली इकडे एडिनबरोच्या जेम्स सिम्पसनने, म्हणजे क्लोरोफॉर्मवाल्या डॉक्टरने, स्कॉटलंडच्या अशाच खळग्यांवर अख्खं पुस्तक छापलं होतं. आणि नागपूरच्या दगडांवरचे खळगे पाहून कार्नॅकला तिकडचे आठवले, त्याने ते साम्य लिहूनही ठेवलं. म्हणजे मला परवा जे अखनाब्रेकला झालं, ते त्याला दीडशे वर्षांपूर्वी उलट्या दिशेने झालं होतं.

लगेच ग्रुपवर 'स्कॉटलंडमध्ये विदर्भाची संस्कृती' असं टाकू नकोस, मी ओळखतो तुला. आपली वर्तुळं लोहयुगातली, इथली कोरीवकामं त्याच्या दोन-अडीच हजार वर्षं आधीची. नातं जोडायला काही आधार नाही. दगड दिसला की ठोकत बसायची खोड माणसाला सगळीकडेच असेल. पण आपण त्यावर दाणे ठेवले होते, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी डुनाड्ड. दलदलीच्या सपाटीतून एकदम वर आलेली टेकडी, उंची जेमतेम ५४ मीटर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीची चुलत बहीण. पण ही डाल रियाटा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांची गढी. त्या राज्यातल्या लोकांना 'स्कॉटी' म्हणत, आणि पुढे देशाला नाव पडलं ते त्यांच्यावरून. इसवी सन ७३६ मध्ये शेजारच्या पिक्ट लोकांच्या राजाने ती जिंकली. १९८०-८१ च्या उत्खननात इथे काय सापडलं असेल? हरताळ! पिवळा रंग, पोथ्या रंगवायचा. हा खनिज इथे मिळत नाही, दूर भूमध्य समुद्राकडून आलेला. आपले पोथीवाले चुकलेल्या अक्षरावर जो फासायचे, तोच. म्हणजे या चिखलातल्या टेकडीपर्यंत हरताळाची पुडी आली होती. मला त्या राजापेक्षा ती पुडी आणणाऱ्या माणसाची जास्त उत्सुकता वाटली.

माथ्याजवळ कातळात पाऊल कोरलेलं आहे. राज्याभिषेकाच्या वेळी नवा राजा त्यात पाय ठेवत असावा, असं मानतात. मूळ पाऊल झिजू नये म्हणून त्यावर हुबेहूब प्रतिकृती बसवलीय, त्यामुळे पाय ठेवायला बंदी नाही. मी वाकून बुटाची लेस सोडायला लागलो. जावई म्हणाला, "बाबा, बूट घालूनच ठेवतात सगळे." पण हात ऐकेनात रे. पादुका म्हटलं की आपला बूट आधी निघतो. ओल्या मोज्याचा उजवा पाय ठेवला. बसला बरोबर, थोडी जागा उरली. राज्याभिषेक झाला. प्रजा म्हणून एक जावई, अकरा मेंढ्या आणि असंख्य चिलटं. इथे त्यांना 'मिज' म्हणतात. वारा पडला की झुंडीने येतात आणि केसांत शिरून चावतात. माझ्या टकलावर तर त्यांनीच पंगत मांडली. बूट घालेपर्यंत दहा-बारा ठिकाणी फुगलं होतं. पोरगी म्हणाली, डोक्यावर अखनाब्रेक झालंय.

चर्चच्या आवारातल्या कोरीव थडग्यांबद्दल आणि कार्नासरीच्या पडक्या वाड्याबद्दल भेटीत सांगेन. ११ ऑगस्टला नागपुरात आहे.

त्याआधी एक काम कर. जुनापाणीला जा. दुपारी जाऊ नकोस, काही दिसणार नाही; सकाळी सातच्या आत, ऊन आडवं असताना. सोबत पाण्याची बाटली ने, खळगे ओले कर आणि फोटो काढ. तो आपला दगड सापडतो का बघ, खळग्यांची ओळ असलेला. मध्ये इतकी वर्षं गेलीत, कोणी हलवला नसेल तर असेल. आणि फोटोत दर वेळेसारखा तुझा अंगठा येऊ देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार. नातू उठला.

तुझा,
विनू